नोकरीला रानात

मे संपत आला की दर शनिवारी संध्याकाळी मुंबई-आग्रा महामार्गावरच्या घोटीच्या फाट्यावरून गाड्यांची रांग भंडारदऱ्याकडे वळते. कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात हिरडा, बेहडा, सादडा, जांभूळ यांच्यावर काजवे चमकू लागलेले असतात. काजव्यांचं लुकलुकणं म्हणजे नर-मादीचा एकमेकांना दिलेला इशारा. गाड्यांचे दिवे, मोबाईलचे विजेरीझोत आणि फ्लॅश यांच्या उजेडात तो बुजून जातो. झाडाखालच्या गवतात आणि ओल्या मातीत काजव्यांची पुढची पिढी असते, ती बुटांखाली येते. वनखात्याला मग वेळेची बंधनं घालावी लागतात, नाकी लावावी लागतात. पण तिथं आलेला माणूस काजव्यांचा द्वेष करत नसतो. तो प्रेमानंच आलेला असतो आणि घरी जाऊन त्याबद्दल मनापासून चार ओळी लिहितोही. प्राणिप्रेम आणि निसर्गलेखन यांच्याबद्दल आपण सरसकट आदरानं बोलतो, तेव्हा कुठलं प्रेम आणि कुठलं लेखन, हे विचारणं राहून जातं. मराठीत हा प्रश्न नीट विचारायचा तर मारुती चितमपल्ली यांच्या आयुष्याकडे बघावं लागतं. तेही त्यांच्यावर चढवलेली बिरुदं जरा बाजूला ठेवून.

मारुती भुजंगराव चितमपल्ली यांचा जन्म सोलापूरचा, ५ नोव्हेंबर १९३२ चा. गिरण्यांच्या आणि हातमागांच्या या शहराभोवती जंगल म्हणावं असं काही नाही. तिथला तरुण कोईमतूरच्या वनमहाविद्यालयात गेला, १९६० च्या सुमारास प्रशिक्षण संपवून महाराष्ट्राच्या वनखात्यात रुजू झाला आणि १९९० मध्ये निवृत्त झाला. मधल्या काळात पश्चिम महाराष्ट्रातल्या नेमणुका झाल्या, मग विदर्भातलं नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट. पहिलं पुस्तक ‘पक्षी जाय दिगंतरा’ ऐंशीच्या दशकात आलं, म्हणजे रानात दोन दशकं काढून झाल्यावर. त्यानंतर ‘जंगलाचं देणं’, ‘रानवाटा’, ‘रातवा’, ‘शब्दांचं धन’, ‘पक्षिकोश’, ‘चकवाचांदण’ हे आत्मचरित्र अशी रांगच लागली. हंसदेव या जैन पंडिताचा ‘मृगपक्षिशास्त्र’ हा जुना संस्कृत ग्रंथ त्यांनी मराठीत आणला. २००६ मध्ये सोलापुरातच भरलेल्या एकोणऐंशीव्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाचं अध्यक्षपद त्यांच्याकडे आलं. जानेवारी २०२५ मध्ये पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी १८ जूनला सोलापुरात त्यांचं निधन झालं. त्यांचा वाढदिवस आणि पक्षिशास्त्रज्ञ डॉ. सालिम अली यांचा १२ नोव्हेंबरचा जन्मदिवस यांच्यामधला आठवडा महाराष्ट्रात पक्षी सप्ताह म्हणून पाळला जातो.

मराठी वाचकानं त्यांना ‘अरण्यऋषी’ ही पदवी दिली. पदवी प्रेमातून आलेली आहे, पण ती दिशाभूल करते. ऋषी संसार सोडून, स्वतःच्या इच्छेनं, तपाला जातो. चितमपल्ली सरकारी नेमणुकीच्या आदेशावर, महिन्याच्या पगारावर गेले. जिथं बदली झाली तिथं राहिले. साहेबाला हजेरी द्यावी लागली, फिरतीची दैनंदिनी लिहावी लागली, रोपवनं, वणवे, लाकूडचोरी आणि हिशेब हे सगळं करावं लागलं. या नोकरीच्या जाचातून वेळ काढून त्यांनी लिहिलं, असं सांगितलं जातं. मला वाटतं गोष्ट उलट आहे. नोकरी हीच त्यांच्या लेखनाची पूर्वअट होती. एकाच तळ्याकाठी सलग अनेक हिवाळे कुणीतरी पैसे देऊन ठेवल्याशिवाय माणूस राहत नाही, आणि सलग राहिल्याशिवाय यंदा बदकं उशिरा आली की लवकर, हे कळत नाही. हौशी माणसाला एक हिवाळा दिसतो आणि तो त्यालाच तळ्याचा स्वभाव समजतो. फिरतीची दैनंदिनी लिहिण्याची खात्याची सक्ती अनेकांना कंटाळवाणी वाटते. पण तारीख, जागा, काय दिसलं, कुणी सांगितलं, हे रोज टिपण्याची सवय हाडात मुरली की त्यातूनच पुढे लेखकाची वही तयार होते.

हे काही एकट्या मराठीचं वैशिष्ट्य नाही. इंग्रजीतलं निसर्गलेखनाचं आद्य पुस्तक मानलं जातं ते ‘नॅचरल हिस्टरी ऑफ सेलबोर्न’. १७८९ मध्ये प्रसिद्ध झालेल्या या पुस्तकाचे लेखक गिल्बर्ट व्हाइट गावच्या चर्चचे पाद्री होते, आणि त्या एका गावापलीकडे त्यांचं पुस्तक फारसं जातच नाही. वाघांवर लिहिणारे जिम कॉर्बेट वीसहून अधिक वर्षं बिहारमध्ये मोकामा घाटावर रेल्वेच्या मालाची चढउतार सांभाळत होते. डॉ. सालिम अलींनीही पक्ष्यांची पाहणी केली ती बव्हंशी संस्थानिकांनी उचललेल्या खर्चावर. कुठं ना कुठं पोट भरण्याची सोय आणि त्या सोयीनं बांधून ठेवलेली जागा, ही या सगळ्यांच्या मागे दिसते.

यावर साधा आक्षेप असा की वनखात्यात हजारो माणसं होती, चितमपल्ली एकच का झाले? नोकरीनं लेखक घडत असता तर प्रत्येक वनक्षेत्रपाल ग्रंथकार झाला असता. आक्षेप खरा आहे. नोकरीनं राहण्याची जागा दिली, बाकीचं त्यांनी मिळवलं. आणि ते कसं मिळवलं, यात त्यांच्या कारकिर्दीचं खरं वेगळेपण आहे. खाकी गणवेशात पायऱ्या असतात. अधिकाऱ्यानं गार्डाला शिकवायचं आणि गार्डानं मजुराला. चितमपल्लींनी ही उतरंड ज्ञानाच्या बाबतीत उलटी केली. नवेगावबांधचे माधवराव पाटील डोंगरवार त्यांच्या पुस्तकांतून पुन्हा पुन्हा येतात ते गुरूच्या जागी. ढिवर, गोंड, मेळघाटातले कोरकू यांच्याकडून त्यांनी प्राण्यांच्या सवयी, झाडांचे उपयोग, पक्ष्यांची नावं घेतली. एकीकडे पंडिताकडे बसून संस्कृत शिकायचं आणि दुसरीकडे तळ्यावरच्या माणसाकडे बसून पाण्यातलं गवत ओळखायला शिकायचं, यात त्यांना विसंगती वाटली नाही. नवेगावचं तळं कोहळी समाजातल्या कोलू पाटलांनी अठराव्या शतकात बांधलं. म्हणजे ज्या ‘निसर्गा’कडे पाखरं येत होती तोही माणसाच्या हातचाच होता. त्या माणसांना वगळून पाखरांवर लिहिलं असतं तर ते अर्धवटच राहिलं असतं.

याला उलट उदाहरण म्हणून व्यंकटेश माडगूळकर पुढे करता येतील. माडगूळकर पुणे आकाशवाणीत नोकरीला होते. नागझिऱ्यात ते काही काळ मुक्कामाला गेले आणि त्यातून ‘नागझिरा’ हे मराठीतलं एक अत्यंत देखणं पुस्तक झालं. वानरांच्या टोळीवरच्या ‘सत्तांतर’ला १९८३ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. मग पाहुण्यालाही लिहिता येतंच की! येतं, आणि गद्य म्हणून माडगूळकरांचं पान चितमपल्लींच्या पानापेक्षा अनेकदा सरस आहे, हे मान्य करायला हरकत नाही. चितमपल्ली पसरट लिहितात, एकाच माणसाला तीन पुस्तकांतून भेटवतात, मधेच माहितीचा ढीग ओततात. पण माडगूळकरांचं पुस्तक आपल्याला पाहायला शिकवतं आणि चितमपल्लींची पुस्तकं आपल्याकडे काहीतरी ठेवून जातात: कोणत्या बोलीत कोणत्या पाखराला काय म्हणतात, कोणतं झाड कुठल्या महिन्यात फळतं, कोण कशाला भितं. साहित्य म्हणून एक मोठं असेल, नोंद म्हणून दुसरं. रान झपाट्यानं बदलत असताना दुसऱ्या प्रकारची गरज वाढते, एवढंच म्हणणं आहे.

चितमपल्लींवरचा अधिक गंभीर आक्षेप विज्ञानाच्या बाजूनं येतो. त्यांच्या लेखनात निरीक्षण आणि आख्यायिका शेजारी शेजारी बसतात. पशुपक्ष्यांची भाषा समजण्याची विद्या देणाऱ्या ‘निळावंती’च्या दंतकथेवर त्यांनी पुस्तक लिहिलं. रानातल्या माणसांनी सांगितलेल्या काही गोष्टी त्यांनी तपासून न पाहता तशाच दिल्या, आणि त्यातल्या काही जीवशास्त्राच्या अभ्यासकाला पटणाऱ्या नाहीत. हा आक्षेप उडवून लावण्यासारखा नाही. त्यांचा भक्त वाचक तो उडवून लावतो आणि त्यांचं नुकसान करतो. त्यांना चाळणी लावून वाचलं पाहिजे. मात्र चाळणी लावता येते, कारण पुष्कळदा ते कुणाकडून ऐकलं हे सांगतात. जिथं ‘अमुक म्हणाला’ आहे तिथं आपल्याला अमुकचं म्हणणं मिळालं. ते खरं की खोटं हे नंतर ठरवता येईल. जे लिहूनच ठेवलं नाही ते तपासताही येत नाही. लोकांच्या ज्ञानातला चुकीचा भागसुद्धा टिपलेला असणं, हे योग्य भाग हरवण्यापेक्षा बरं.

हरवणं म्हणजे काय, हे घोटीच्या पंचक्रोशीतच दिसतं. इगतपुरी तालुक्यातलं सर्वतीर्थ टाकेद हे जटायूचं स्थान. सीतेसाठी लढून पडलेल्या गिधाडाला रामानं इथं पाणी पाजलं आणि सद्गती दिली, अशी श्रद्धा आहे. गिधाडाला इतक्या मानानं देवळात बसवणारी भूमी फार नसेल. पण मेलेल्या ढोरावर उतरणारी खरी गिधाडं या भागातून नेमकी कोणत्या वर्षापासून कमी झाली, असं विचारलं तर वयस्कर माणसं बहुधा ‘पूर्वी लई असायची’ एवढंच सांगतील. पांढऱ्या पाठीच्या गिधाडांची भारतातली संख्या नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीपासून पंधराएक वर्षांत नव्व्याण्णव टक्क्यांहून अधिक घटली. ही घट वेळेवर लक्षात आली ती प्रामुख्यानं एका माणसाच्या जुन्या वहीमुळे. डॉ. विभू प्रकाश यांनी ऐंशीच्या दशकात भरतपूरच्या केवलादेव उद्यानात शिकारी पक्ष्यांचा अभ्यास करताना गिधाडांची घरटी मोजून ठेवली होती. नव्वदच्या दशकात पुन्हा तिथं मोजलं तेव्हा ती घरटी झपाट्यानं ओस पडत चालल्याचं दिसलं. १९९९ मध्ये त्यांनी ते प्रसिद्ध केलं. जनावरांना दिलं जाणारं डायक्लोफिनॅक हे वेदनाशामक गिधाडांची मूत्रपिंडं निकामी करतं, हे २००४ मध्ये पाकिस्तानातल्या संशोधनातून सिद्ध झालं, आणि २००६ मध्ये भारतात त्याच्या पशुवैद्यकीय वापराच्या उत्पादनावर बंदी आली. जुनी मोजणी नसती तर ‘कमी झालीत बहुतेक’ या बोलण्यावर आणखी काही वर्षं गेली असती. आज नाशिक जिल्ह्यात अंजनेरीच्या कड्यांवर आणि हरसूलजवळच्या खोरीपाड्याच्या गिधाड उपाहारगृहावर गिधाडांसाठी जे काही चाललं आहे, ते गिधाडांवरच्या प्रेमानं चाललं आहे हे खरंच. पण त्या प्रेमाला कारण कळलं ते मोजणीमुळे.

आता सर्वात टोकदार आक्षेप, आणि तो शहरातून येत नाही. ज्याची शेळी बिबट्यानं नेली, ज्याच्या वस्तीवर अंधार पडल्यावर पोरांना अंगणात सोडता येत नाही, त्याला प्राणिप्रेमी लेखक कशाला हवा? नाशिक जिल्ह्यात बिबट्यांनी माणसं मारलेली आहेत, त्यांत लहान मुलं आहेत. हे दुःख ‘आपणच त्यांच्या घरात शिरलो’ अशा एका वाक्यानं मिटवणं हा उर्मटपणा आहे, शिवाय ते वाक्य बरोबरही नाही. इगतपुरीला लागून असलेल्या अकोले तालुक्यात विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी उसाच्या आणि वस्तीच्या मुलखात कॅमेरे लावून बिबटे मोजले. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात दर शंभर चौरस किलोमीटरला सुमारे पाच बिबटे निघाले, आणि तिथं माणसांची वस्ती दर चौरस किलोमीटरला तीनशेच्या वर होती. जंगल नसलेल्या शेतीत बिबटे पिढ्यान्‌पिढ्या राहत आहेत, ते कुठून चुकून आलेले नाहीत, हा त्याचा अर्थ. जुन्नर भागात २००१ नंतर पकडलेले बिबटे दूर नेऊन सोडले तर सोडलेल्या ठिकाणी माणसांवरचे हल्ले वाढले, हेही याच अभ्यासकांनी दाखवलं. ‘पिंजरा लावा आणि लांब नेऊन सोडा’ ही गावाची मागणी समजण्यासारखी आहे, पण ती पुढच्या गावाच्या अंगावर संकट ढकलते. हे ज्ञान बिबट्याच्या उपयोगाचं आहे त्याहून अधिक शेळीवाल्याच्या उपयोगाचं आहे. गोठा कसा बंद करावा, मेलेल्या जनावराचा पंचनामा कधी व्हावा, मादी उसात व्याली असेल तर पिल्लांना हात लावावा की नाही, हे प्रश्न त्याचे आहेत. ऑगस्ट २०२० मध्ये इगतपुरी परिसरात एका झोपडीत बिबट्याच्या मादीनं चार पिल्लं दिली, तेव्हा वनखात्यानं तिला तिच्या कलानं पिल्लं हलवू देण्याची वाट पाहिली. अशी वाट पाहायचं धैर्य भावनेतून येत नाही. मादी पिल्लांसाठी परत येते, हे कुणीतरी आधी अनेकदा पाहिलेलं असावं लागतं.

एक आक्षेप असाही आहे की ज्या खात्याच्या पगारावर चितमपल्ली राहिले त्या खात्याचा इतिहास आदिवासींच्या बाजूनं फारसा चांगला नाही. जंगलातून सरपण आणणाऱ्या महादेव कोळी, ठाकर, कातकरी बाईला खाकी माणूस लेखक म्हणून आठवत नाही, दंडाची पावती फाडणारा म्हणून आठवतो. वनहक्क मिळण्यासाठी २००६ च्या कायद्यापर्यंत वाट पाहावी लागली. चितमपल्लींच्या पुस्तकांतून हा ताण यायला हवा तेवढा येत नाही, असं माझं मत आहे. त्यांच्या रानातली माणसं ज्ञानी, प्रेमळ आणि बऱ्याचदा तक्रार नसलेली असतात. अधिकाऱ्यासमोर माणूस तक्रार करत नाही, हेही त्याचं एक कारण असू शकेल. खात्यानं दिलेली नजर ही खात्याच्या जागेवरूनच पाहते, तिला काही गोष्टी दिसत नाहीत. म्हणून एक चितमपल्ली पुरेसे नाहीत. राब भाजणारीनं, मुठे खेकडे धरणाऱ्यानं, चढणीचे मासे कुठल्या ओहोळाला कधी चढतात हे ठाऊक असणाऱ्यानं स्वतः सांगितलेलं, स्वतःच्या नावानं टिपलेलं हवं.

ते आता मोबाईल टिपतोच, असं तरुण वाचक म्हणेल. हे अर्धं बरोबर आहे आणि ते अर्धं मोठं आहे. ई-बर्डसारख्या संकेतस्थळावर हौशी निरीक्षकांनी घातलेल्या लक्षावधी नोंदींवरून ‘स्टेट ऑफ इंडियाज बर्ड्स’ हे २०२० आणि २०२३ चे अहवाल निघाले, कोणते पक्षी घटत आहेत ते देशपातळीवर प्रथमच नीट दिसलं. हौशी माणसाच्या नोंदीला मी वर नावं ठेवली, ती एकट्या नोंदीपुरती खरी आहेत. लाखोंनी जमल्या की त्यांचं मोल बदलतं. तरी या नोंदी जिथं दुर्बिणीवाले जातात तिथं दाट असतात. नांदूरमध्यमेश्वर हे राज्यातलं पहिलं रामसर स्थळ, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा. तिथल्या पाण्यावर कोण बसलं ते त्याच दिवशी कळतं. घोटीच्या भातखाचरांच्या बांधावर कोण बसत नाहीसं झालं, हे तितक्या सहज कळत नाही, कारण भात पाहायला कुणी येत नाही. तांदळाच्या गिरण्यांच्या या गावाभोवती पावसाळाभर पाणी धरणारी जी खाचरं आहेत, त्यांत बेडूक, खेकडे, बगळे, पाणसाप यांचं सगळं वर्ष ठरतं. भाताचं वाण बदललं, तणनाशक आलं, समृद्धी महामार्गाचं काम आलं, तेव्हा त्यात काय हललं हे सांगायला बांधावर राहणारा माणूसच लागतो.

असा माणूस आज सरकारी नोकरीतून मिळणं अवघड होत चाललं आहे. महाराष्ट्राच्या २००५ च्या बदल्यांच्या कायद्यानं सर्वसाधारण पदावधी तीन वर्षांचा ठरवला. त्यामागचा हेतू चुकीचा नव्हता. एका जागी चिकटून बसलेल्या माणसाचे हितसंबंध तयार होतात. पण रान ओळखायलाही चिकटूनच बसावं लागतं, आणि ती सोय त्याच कायद्यानं गेली. पर्याय कागदावर आहे. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेनं जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची आणि लोकांच्या मदतीनं लोकजैवविविधता नोंदवही तयार करायची आहे. वर्षानुवर्षं हे काम रेंगाळलं, म्हणून राष्ट्रीय हरित न्यायाधिकरणानं ३१ जानेवारी २०२० ची मुदत घातली आणि ती चुकली तर राज्यांना महिन्याला दहा लाख रुपये भरायला सांगितलं. मग देशभर नोंदवह्या धडाधड तयार झाल्या, अनेक ठिकाणी संस्थांना कंत्राट देऊन. या नोंदवहीच्या नमुन्यात गावातल्या जाणकार व्यक्तींची यादी मागितलेली आहे: वैदू, मासे धरणारे, जुने गुराखी, बियाणं राखणाऱ्या बाया. कोण काय जाणतो, हे लिहायचं. चितमपल्लींनी तीन दशकं हाच एक रकाना भरला, असं म्हटलं तरी चालेल. झाडांची यादी शेजारच्या गावाच्या वहीतून उतरवता येते, पक्ष्यांची पुस्तकातून. जाणकारांचा रकाना भरायचा तर पाड्यावर जाऊन बसावं लागतं, एका पावसाळ्यात भागत नाही म्हणून दुसऱ्या पावसाळ्यात पुन्हा जावं लागतं, आणि ते कुठल्याही मुदतीत बसत नाही.